दोन लाख किलोमीटरच्या घरात आलेल्या गाडीचं गिअर ऑइल: बदलावं का, कोणतं टाकावं, आणि निघालेलं ऑइल कसं वाचावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. २००८ सालची पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअरची, १,८५,००० किलोमीटर चाललेली. कोल्हापुरातच सेकंडहँड घेतलेली, गिअर ऑइल शेवटचं कधी बदललं याची नोंद नाही. थंडीत सकाळी गाडी काढली की पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गिअर टाकताना खर्रर्र आवाज येतो, गाडी तापली की कमी होतो. एका मिस्त्रींनी सांगितलं, ‘एवढ्या जुन्या गाडीचं ऑइल आता बदलू नका, गिअरबॉक्स बसेल.’ दुसऱ्यांनी सांगितलं, ‘१४० नंबरचं जाड ऑइल टाका, आवाज जाईल.’ कोणाचं ऐकावं?

दोघांचंही ऐकू नका. ऑइल बदला, आणि १४० टाकू नका.

‘जुन्या बॉक्सचं ऑइल बदलू नये’ हा समज ऑटोमॅटिक गाड्यांवरून आला आहे. तिथे क्लचच्या प्लेटा त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. प्लेटा झिजलेल्या असताना नवीन ऑइल टाकलं आणि गाडी घसरायला लागली, असे अनुभव लोकांना येतात आणि दोष ऑइलवर जातो. तुमच्या मॅन्युअल गाडीत क्लच प्लेट कोरडी, बॉक्सच्या बाहेर बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे इंजिन आणि बॉक्सच्या मधल्या घरात असते. ऑइलचं काम फक्त गिअर, बेअरिंग आणि सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) यांच्यापुरतं. या बॉक्सना सहसा ऑइल फिल्टर नसतो. असतं ते ड्रेन बोल्टच्या (ऑइल काढायच्या बोल्टच्या) टोकाला किंवा बॉक्सच्या तळाला एक लोहचुंबक. त्याला जे चिकटत नाही ते सगळं वर्षानुवर्षं दातांमधून फिरत राहतं. जुना चुरा बॉक्सला धरून ठेवत नाही, तो बॉक्सला खातो.

पण पाना हातात घेण्याआधी दहा मिनिटं देऊन दुखणं खरंच बॉक्समध्ये आहे का ते पाहा. इंजिन बंद ठेवा, क्लच दाबा आणि पाचही गिअर एकेक करून टाका. बंद गाडीत गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू गाडीत अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही असा अर्थ. बंद गाडीतही अडत असतील तर गिअर केबल, लिंकेजचे बुश किंवा सिलेक्टरकडे बघा. दुसरी परीक्षा रिव्हर्सची. बहुतेक जुन्या बॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसतो. इंजिन आयडलवर, गाडी उभी, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही कर्रर्र वाजलं तर क्लच ओढतोय, म्हणजे पूर्ण सुटत नाही. तेव्हा आधी केबलची अ‍ॅडजस्टमेंट, आणि हायड्रॉलिक क्लच असेल तर त्यातली हवा काढणं. हे सोडून महागातलं महाग ऑइल ओतलं तरी फरक पडणार नाही.

आवाजांचंही तसंच. न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग. फक्त पाचव्यात हुंकार येत असेल तर सगळ्यात आधी ऑइलची लेव्हल बघा. इंजिन आडवं बसवलेल्या गाड्यांच्या बऱ्याच बॉक्समध्ये पाचव्या गिअरची जोडी अगदी टोकाच्या कव्हरमध्ये असते. ऑइल कमी झालं की उपासमार आधी तिची होते. कोल्हापूर-पुणे हायवेला तासन्‌तास पाचव्यात पळणाऱ्या गाडीत अर्धा-पाऊण लिटर कमी ऑइल हे पाचवा गिअर जाण्याचं नेहमीचं कारण.

तुमच्या वर्णनात मात्र दोन खुणा ऑइलकडे बोट दाखवतात: आवाज थंडीतच येतो, आणि दुसऱ्यातच येतो. पहिल्या गिअरचं प्रमाण साधारण साडेतीनच्या आसपास, दुसऱ्याचं दोनच्या जरा खाली. म्हणजे ३,००० आरपीएमला पहिल्यातून काढून दुसऱ्यात टाकताना आतली फिरती चाकं सुमारे १,६०० वर आणावी लागतात. एवढी मोठी उडी वरच्या कुठल्याच बदलात नाही. ते काम पितळेची सिंक्रो रिंग करते. तिच्या आतल्या बाजूला केसाएवढ्या बारीक चऱ्या असतात. रिंग गिअरच्या कोनावर (शंकूसारख्या भागावर) दाबली गेली की या चऱ्या मधला ऑइलचा थर कापतात, धातूला धातू लागतो आणि वेग जुळतो. ऑइल थंड आणि घट्ट असेल तर थर वेळेत कापला जात नाही, रिंग घसरते, आणि वेग जुळायच्या आत दात दाताला लागतात. तोच तुमचा खर्रर्र. गाडी तापून ऑइल पातळ झालं की चऱ्यांचं काम चालू होतं.

आता १४० का नको ते वेगळं सांगायला नको. जाड ऑइल झिजलेल्या बेअरिंगची घरघर दाबतं, म्हणून विकायच्या गाडीत ते हमखास सापडतं. तुमच्या गाडीत आधीच्या मालकाने तेच टाकलं असण्याची शक्यता मी धरून चालतो. तसं असेल तर योग्य ऑइल टाकल्यावर आवाज थोडा मोठा वाटेल. नव्या ऑइलने तो आणला असं समजू नका, तो आधीपासून होता, फक्त झाकलेला होता.

कोणतं टाकायचं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, आणि त्यात दोन गोष्टी बघायच्या असतात. पहिली ग्रेड: आपल्याकडच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांना ७५डब्ल्यू-८०, ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९०. हे आकडे इंजिन ऑइलच्या आकड्यांशी ताडून बघू नका, दोन्हींच्या पट्ट्या वेगळ्या आहेत. गिअर ऑइलचं ९० म्हणजे जाडीला इंजिन ऑइलच्या ४०-५० एवढंच. मॅन्युअलमध्ये दोन ग्रेड दिल्या असतील तर थंडीतल्या तक्रारीसाठी ७५ ने सुरू होणारं घ्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि तीच जास्त चुकते: जीएल-४ की जीएल-५, हे गिअर ऑइलचे दोन वर्ग. पाचवर चारपेक्षा मोठा आकडा आहे म्हणून ते भारी, असं नाही. जीएल-५ हे हायपॉइड डिफरन्शियलसाठी (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या, दात एकमेकांवर घासत फिरणाऱ्या गिअरसंचासाठी) बनवलेलं, त्यात गंधक-फॉस्फरसचं प्रमाण बरंच जास्त. ती रसायनं दातांवर संरक्षक थर चढवतात, पण गरम झाल्यावर पितळेलाही चावू शकतात. हल्लीच्या जीएल-५ मध्ये ते चावणं बरंच आटोक्यात आणलेलं असतं, तरी ऑइल सिंक्रो रिंगसाठी प्रमाणाबाहेर निसरडं राहतं. रिंगचं सगळं काम घर्षणावर, आणि आपण घर्षणच काढून घेतो. दुकानात ‘गिअर ऑइल द्या’ म्हटलं की बऱ्याचदा ‘नव्वद नंबर’ म्हणून डबा पुढे येतो. नव्वद ही फक्त जाडी झाली. डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा आणि मॅन्युअलने जीएल-४ सांगितलं असेल तर निखळ जीएल-४ च घ्या. होंडासारख्या काही कंपन्यांचं स्वतःचं मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड असतं, तिथे तेच वापरावं. ‘घर्षण कमी करणारी’ बाटली म्हणून जे अ‍ॅडिटिव्ह मिळतं ते वरच्याच कारणाने नको.

प्रमाण छोट्या गाडीला साधारण दोन ते अडीच लिटर. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या आणि तीन लिटर आणून ठेवा. सोबत दोन्ही बोल्टचे नवे वायसर, चार-पाच लिटरचा पसरट ट्रे, फनेल, दीड मीटर पारदर्शक पाइप, चिंध्या, आणि बोल्टला बरोबर बसणारा सहा कोनी सॉकेट. काही बोल्टना बाहेरून षटकोनी डोकं असतं, काहींना चौकोनी खाच असते आणि तिच्यात ३/८ इंची रॅचेटचं टोकच बसतं. काही बोल्टना वायसर नसतोच, आट्यांना सीलंट लावायचं असतं. काढलेला बोल्ट कसा होता ते बघून आणि मॅन्युअल वाचून ठरवा.

गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा, म्हणजे ऑइल कोमट होतं आणि चुरा तळाला बसायच्या आत ऑइलबरोबर बाहेर येतो. काम खड्ड्यावर किंवा रॅम्पवर झालं तर उत्तम. घरी करायचं असेल तर चारही बाजू सारख्या उंचीच्या घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका, आणि पुढचं नाक वर ठेवून लेव्हल बघू नका. नाक वर असलेल्या गाडीत ऑइल मागे सरकतं आणि लेव्हल खोटी दिसते.

सगळ्यात आधी फिलर (ऑइल भरायचा) बोल्ट सोडवा, ड्रेन नंतर. हा क्रम मोडू नका. फिलर वर्षानुवर्षं उघडलेला नसतो, तो गंजून बसलेला किंवा डोकं घासलेला निघतो. आधी ऑइल काढून टाकलं आणि मग फिलर निघेना, तर रिकाम्या बॉक्सची गाडी टोचन करून न्यावी लागते. आणखी एक सावधगिरी: इंजिनचा ड्रेन आणि बॉक्सचा ड्रेन शेजारी-शेजारी असतात. घाईत बॉक्सचं ऑइल काढून इंजिनात चार लिटर वरून ओतल्याच्या घटना गॅरेजांत घडतात. अशात इंजिन दुप्पट भरलेलं आणि बॉक्स कोरडा. ड्राइव्ह शाफ्ट ज्या घरात शिरतो ते घर बॉक्सचं, एवढी खूण पुरते.

बोल्ट हलत नसेल तर रात्रभर गंजनाशक फवारून ठेवा, सॉकेट घट्ट बसवून त्यावर हातोडीचे दोन-तीन नेमके ठोके द्या, मग झटका देऊन सोडवा. पान्याला लांब पाइप लावून लोंबकळू नका. बॉक्स अ‍ॅल्युमिनियमचा आहे, आटे त्याचे जातील, बोल्टचे नाही. आटे गेलेच तर टेफ्लॉन टेप आणि एमसीलने वेळ मारून नेऊ नका. शिवाजी उद्यमनगरात हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून किंवा लेथवर जाड मापाचा बोल्ट करून मिळतो. एवढी सोय प्रत्येक गावात नसते, आपल्याकडे आहे तर वापरावी.

ड्रेन उघडल्यावर वीस-तीस मिनिटं निथळू द्या. धार थांबली म्हणजे संपलं असं नाही, थेंब थांबू द्या.

यानंतरचं काम बहुतेक ठिकाणी होतच नाही, आणि जुन्या गाडीत माझ्या मते तेच सगळ्यात मोलाचं. निघालेलं ऑइल बघितल्याशिवाय डब्यात ओतू नका.

आधी मोजा. दोन-सव्वादोन लिटर असायला हवं होतं आणि सव्वा लिटरच निघालं, तर गळती शोधल्याशिवाय हे काम पुरं झालं असं समजू नका. मग बोल्टचं चुंबक बघा. त्यावर काळपट राखाडी लगदा असेल. तो अंगठा आणि बोटात चोळा. काजळासारखा मऊ लागला तर ती वयाची झीज, १,८५,००० किलोमीटरला चुंबकावर त्याची टोपी चढलेली असली तरी घाबरू नका. वाळूसारखं खरखरीत टोचलं तर बेअरिंगचे कण. बेअरिंगमधल्या सुईचा तुकडा, तिरका कोपरा असलेली चकती किंवा दाताचा टवका निघाला, तर नवीन ऑइल ओतून गाडी घाटात नेऊ नका, बॉक्स उघडायची वेळ आली आहे. नंतर ट्रेमधलं तळाचं ऑइल पांढऱ्या वाडग्यात घेऊन उन्हात धरा आणि हळू हलवा. सोनेरी चमक लहरत गेली तर ते पितळ, म्हणजे सिंक्रो रिंग. पितळ चुंबकाला लागत नाही, म्हणून ते बोल्टवर सहसा दिसणार नाही, ते ऑइलमध्येच शोधावं लागतं. तुमच्या गाडीत थोडी चमक मी गृहीत धरतो. मेटॅलिक रंगासारखं दाट चमकत असेल तर रिंग बरीच गेली. उग्र गंधकाचा वास आणि मधासारखी जाड धार असेल तर आधी कोणीतरी चुकीचं ऑइल टाकलं होतं, आणि तुमच्या तक्रारीचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

ऑइल दुधी किंवा कॉफीच्या रंगाचं निघालं तर पाणी शिरलंय. कोल्हापुरात सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने ही खूण लक्षात ठेवावी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, नागाळा पार्क, व्हीनस कॉर्नरकडच्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पाणी शिरतं ते बॉक्सच्या डोक्यावरच्या छोट्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा ये-जा करायच्या तोंडातून. इंजिनचं ऑइल सगळे बदलतात, बॉक्सचं राहून जातं, आणि आत बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडतात. गाडी पुरात सापडली तर ती तापवायला म्हणूनही चालू करू नका. उभ्या गाडीत पाणी जड म्हणून तळाला बसतं. ड्रेन बोल्ट अर्धा सैल केला की आधी पाणी येतं, मग ऑइल. अशा बॉक्सला ऑइल दोनदा बदलावं: एकदा लगेच, आणि दुसऱ्यांदा शे-दोनशे किलोमीटरला.

‘डिझेल टाकून धुऊन घेऊ’ असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. डिझेल बेअरिंगच्या खोबणीत आणि कव्हरच्या कोपऱ्यात राहतं, नंतर नव्या ऑइलला पातळ करतं. फार घाण निघाली तर त्याच ग्रेडचं स्वस्तातलं ऑइल टाकून ५०० ते १,००० किलोमीटर चालवा आणि पुन्हा बदला. धुण्याचं काम ऑइलनेच होऊ द्यावं.

भरायच्या आधी ब्रीदर साफ करा. लाल मातीने तो बुजला की तापलेल्या बॉक्समध्ये दाब वाढतो आणि चांगले ऑइल सीलसुद्धा गळायला लागतात. चुंबक पुसून, नवा वायसर घालून ड्रेन बोल्ट बसवा. टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. छोट्या गाड्यांत तो सहसा २० ते ४० न्यूटन-मीटरमध्ये असतो, म्हणजे आखूड पान्याने एका हाताचा जोर, अंगाचा नाही. फनेल बॉनेटखाली उंचावर बांधून पाइप फिलरच्या भोकात सोडा. थंडीत ऑइल पाइपातून उतरायला कंटाळा करतं, त्यासाठी डबा अर्धा तास गरम पाण्याच्या बादलीत ठेवा. फिलरच्या भोकातून बारीक धार बाहेर यायला लागली की थांबा, धारेचा थेंब होऊ द्या, मग बोल्ट लावा. काही बॉक्सना असं लेव्हलचं भोक नसतं, स्पीडोमीटर गिअर किंवा रिव्हर्स लाइटचा स्विच काढून तिथून मोजून भरावं लागतं. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ हे इथे चालत नाही. जादा ऑइल फेसाळतं, तापतं आणि ब्रीदर-सीलमधून बाहेर येतं.

नवं ऑइल भरण्याआधी, गाडीखाली असतानाच दोन्ही ड्राइव्ह शाफ्टचे सील बोटाने पुसून बघा. ओले असतील तर आत्ताच बदला, बॉक्स रिकामा असताना ते काम स्वस्तात होतं. बेल हाउसिंगच्या तळाशी ओल असेल तर वास घ्या. गिअर ऑइलचा उग्र वास आला तर इनपुट शाफ्टचं सील, आणि ते ऑइल पुढेमागे क्लच प्लेटवर जाणार.

पन्नास किलोमीटर चालवून दोन्ही बोल्ट कोरडे आहेत का बघा, आणि गार गाडीत लेव्हल एकदा तपासा. फरक पहिल्याच सकाळी कळेल, पण निकाल दोन-तीनशे किलोमीटरनंतर लावा. तोवर थंडीत पहिल्यातून दुसऱ्यात जाताना न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबा, हवं तर क्लच दोनदा दाबा. आवाज तरीही तसाच राहिला, किंवा आता गरम गाडीतही येतोय, तर रिंग झिजली आहे आणि बॉक्स उतरवावा लागेल. रिंग कोनावर दाबून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजतात. बहुतेक छोट्या गाड्यांत नव्या रिंगला मिलिमीटरभर फट असते, अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली की ती बाद. बॉक्स उतरतोच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इनपुट सील त्याच मजुरीत बघून घ्या.

मागच्या चाकांवर चालणारी ओम्नी किंवा जीप असती तर डिफरन्शियलचं ऑइल वेगळं, आणि तिथे मात्र जीएल-५ च लागतं. दोन डबे एकमेकांत बदलू देऊ नका.

पुढचा बदल कंपनीच्या वेळापत्रकाने. बऱ्याच गाड्यांना ते ४०,००० किलोमीटर आहे. गगनबावड्याकडून करूळ घाट, आंबा घाट अशी ये-जा असेल, किंवा हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे दुसऱ्या-तिसऱ्यावर रोज रांगत जावं लागत असेल, तर ३०,००० ला बदला. दर सर्व्हिसिंगला फिलर उघडून करंगळी आत वाकवून बघायला सांगा: ऑइल भोकाच्या काठाला किंवा जेमतेम त्याखाली लागलं पाहिजे. आणि काढलेलं दोन लिटर ऑइल गटारात ओतू नका, ते जयंती नाल्यासारख्या नाल्यांतून पंचगंगेत जाऊ शकतं. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून जळकं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्या.